चतुर्थीची भरती

पेणच्या खाडीकाठी पक्ष्यांचे फोटो काढायला जायचं असेल तर कॅमेऱ्याची बॅग भरण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर बघावं. तारीख कुठलीही चालेल, तिथी महत्त्वाची. कोकणातल्या मच्छीमारांचा एक जुना ठोकताळा आहे: तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. पंचमीला पावणेचार. त्यानंतर सव्वासहा तासांच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. हा हिशोब मोकळ्या किनाऱ्याचा आहे. धरमतरच्या खाडीत जितकं आत जावं तितकं पाणी उशिरा पोचतं. मोबाइलवर भरतीचं नेमकं वेळापत्रक मिळत असलं तरी हा पाऊणपटीचा हिशोब डोक्यात असावा, कारण पुढचा सगळा डाव त्यावरच आहे.

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या नवख्या माणसाची पहिली तक्रार ठरलेली असते: पक्षी फार लांब होते. लेन्स मोठी हवी. ओहोटीच्या वेळी खाडीवर गेलं तर हे खरंच वाटतं. चिखलाचं मैदान दूरवर पसरलेलं, त्यावर तुतवार, टिलवे, लांब वाकड्या चोचीचे कोरल, शेकाटे ठिपक्यांसारखे विखुरलेले. आठ-दहा किलोची लेन्स आणली तरी त्या ठिपक्यांचे मोठे ठिपके होतील, इतकंच. पण भरती सुरू झाली की तोच चिखल कडेकडेने बुडायला लागतो. पाय आखूड असलेले पक्षी आधी मागे सरतात, लांब पायांचे नंतर. पाणी त्यांना काठाकडे ढकलत आणतं, आणि शेवटी सगळे बांधाजवळच्या शिल्लक पट्टीवर दाटीवाटीने उभे राहतात. ज्या अंतरासाठी आपण लाखभर रुपयांची लेन्स घेणार होतो, ते अंतर खाडी फुकटात मिटवते. अट एकच. पक्ष्यांच्या आधी आपण तिथे जाऊन बसलेलो असलो पाहिजे.

इथे पाऊणपटीचा हिशोब जरा चिमटा काढतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात, साडेसात-आठला भरती हवी असेल तर दशमी-एकादशी येते. पण अष्टमीनंतरचे हे दिवस भांगाचे. पाण्याला जोर नसतो, चिखलाचा बराच भाग उघडाच राहतो आणि पक्षी मजेत लांबच चरत बसतात. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी बांधाच्या मानेपर्यंत. पण त्या दिवशी भरती दुपारच्या डोक्यावर येते, ऊन पांढरंफटक आणि चिखलावरची हवा थरथरणारी. घड्याळ जुळतं तेव्हा पाणी नाही, पाणी असतं तेव्हा उजेड नाही. सुदैवाने उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी सगळ्यात जास्त असतो आणि चतुर्थी-पंचमीपर्यंत तो बऱ्यापैकी टिकतो. त्या दिवशी दुपारी तीन ते पावणेचारला पूर्ण भरती. पाच वाजता पाणी हटायला लागतं, ओला चिखल उघडा पडतो, उपाशी पक्षी त्यावर उतरतात आणि पश्चिमेचं तिरकं ऊन थेट त्यांच्या अंगावर. गणपतीच्या मूर्तींचं गाव असलेल्या पेणला चतुर्थीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पक्षी टिपणाऱ्यानेही संकष्टी आणि विनायकी दोन्ही कॅलेंडरवर खूण करून ठेवाव्यात.

पेणच्या पश्चिमेला, धरमतर खाडीच्या अंगाला जो सपाट मुलूख आहे तो खारेपाट. उत्तरेकडून पाताळगंगा, दक्षिणेकडून नागोठण्यावरून येणारी अंबा, आणि मध्ये माणसाने पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून समुद्राकडून मिळवलेली भातजमीन. बांधाच्या बाहेर तिवरांची रांग आणि चिखल, बांधाच्या आत भातखाचरं आणि जिताड्याची तळी. पाणी आत-बाहेर करायला उघाडी. उधाणात बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची काही वर्षं तिथे भाताऐवजी पक्षीच पिकतात. कॅमेरावाल्याला ते दृश्य सुंदर वाटतं. शेतकऱ्यासाठी ती बुडालेली शेती असते, हे बांधावर पाय ठेवताना ध्यानात असावं. बांध, शेत, तळं कुणाच्या तरी मालकीचं असतं. विचारून जावं. जिताड्याच्या तळ्याभोवती गळ्यात दुर्बीण घालून हिंडणारा अनोळखी माणूस मालकाला मासे चोरायला आलेला वाटला, तर दोष त्याचा नाही.

बांधावर उभं राहणं ही सगळ्यात मोठी चूक. सपाट प्रदेशात आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभा माणूस पक्ष्याला फार लांबून दिसतो. बांधाच्या आतल्या उतारावर पालथं पडावं, कडेवर फक्त लेन्सचं तोंड यावं. असं पडल्याने दुसरा फायदा होतो: कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला येतो. वरून काढलेल्या फोटोत पक्ष्यामागे चिखल येतो. डोळ्याच्या रेषेतून काढलं तर मागे लांबवरचं पाणी किंवा तिवरांचा धूसर हिरवा पट्टा येतो आणि पक्षी त्यातून सुटा उठून दिसतो. पक्षी आपल्याला कंटाळला की घाबरला, हेही त्याच पातळीवरून वाचता येतं. चरता चरता चोच थांबली, मान ताठ झाली, थव्यातले सगळे एकाच दिशेने तोंड करून उभे राहिले, की समजावं आपण एक पाऊल जास्त टाकलं. यातले बरेचसे पाहुणे मध्य आशिया आणि सैबेरियाकडून आलेले असतात आणि मार्च-एप्रिलच्या परतीच्या प्रवासासाठी त्यांना अंगावर चरबी चढवायची असते. भरतीच्या वेळी मिळणारी विश्रांती त्यांच्या दृष्टीने झोपेसारखी आहे. ‘थवा उडताना’चा फोटो हवा म्हणून टाळ्या वाजवणारी मंडळी मी पाहिली आहेत. फोटोही बहुधा वाईटच येतात, कारण उडालेला थवा पाठ दाखवतो.

माणसाला भिणारे हे पक्षी म्हशीला मात्र भीत नाहीत. खारेपाटात चरणाऱ्या म्हशीच्या पाठीवर कोतवाल बसलेला असतो, पायाशी गायबगळे नाकतोडे टिपत फिरतात. हे इंग्लंडमधल्या रिचर्ड आणि चेरी किअर्टन या भावांनी फार पूर्वी हेरलं होतं. १८९२ साली त्यांनी अंड्यांसह घरट्याचा फोटो काढला, तो अशा प्रकारचा पहिला मानतात. पुढे त्यांनी बैलाच्या कातड्याचा पोकळ सांगाडा बनवला आणि त्याच्या पोटात बसून पक्ष्यांचे फोटो घेतले. आपल्याला इतकं करायची गरज नाही. म्हशींच्या कळपाच्या मागोमाग, गुराख्याशी गप्पा मारत, त्याच्याच चालीने चाललं तरी पक्षी निम्म्या अंतरावर येऊ देतात. रेल्वेच्या डब्याचंही तेच. दिवा-रोहा गाडीच्या खिडकीतून पेण आणि नागोठण्याच्या दरम्यान तारेवर बसलेला नीलपंख किंवा खंड्या जितका जवळून दिसतो, तितका पायी चालत गेलेल्याला दिसत नाही. तो गाडीला ओळखतो आणि तिच्याकडून त्याला आजवर काही झालेलं नाही.

आता उजेडाचं गणित. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं दृश्य सरासरी मध्यम राखाडी आहे असं गृहीत धरतं. काळ्या चिखलावर पांढरा बगळा उभा असला की ते चिखलाकडे बघून सगळंच उजळ करतं आणि बगळ्याच्या पिसांचा नुसता पांढरा डाग उरतो. अशा वेळी एक्स्पोजर एक स्टॉप कमी करावं. चिखल काळा झाला तरी चालेल, पिसातल्या रेषा राहिल्या पाहिजेत. उलट चमकत्या पाण्यापुढे पंख वाळवत बसलेला पाणकावळा असेल तर एक स्टॉप वाढवावं, नाहीतर कोळशाचा तुकडा दिसतो. आणि सकाळी दहानंतर लांब लेन्स बॅगेत ठेवावी हे उत्तम. तापलेल्या चिखलावरून उठणारी हवा लांबच्या फोटोतली प्रत्येक कड विरघळवते. तो दोष कुठल्याही लेन्सने किंवा संगणकाने निघत नाही. त्या वेळेत खाली बघावं. दोन पावलांवर निवट्या चिखलावरून उड्या मारत असतात, एकमेकांना पाठीवरचं पर उभारून दाखवत असतात, शेजारी एका मोठ्या नांगीचे इवले खेकडे तीच नांगी हलवून बोलावणी करत असतात. हातभर अंतरावर इतकं नाट्य घडत असताना सगळे कॅमेरे आकाशाकडे का रोखलेले असतात, ते मला कळत नाही.

हिवाळ्यात खारेपाटाच्या आत, भात निघाल्यावर वालाच्या शेतांवर वेगळी वर्दळ असते. तारेवर गप्पीदास, ढेकळात चंडोल, पाण्याच्या कडेला शेपूट हलवणारे धोबी, वरून फेरी घालणारा भोवत्या. राज्य सरकारने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे. ५ नोव्हेंबर मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अली यांचा. तेव्हा पाहुणे येऊन स्थिरावत असतात. पण मला विचाराल तर जानेवारी चांगला. धुकं असतं, वाल भरलेले असतात, आणि सकाळच्या फेरीनंतर कुणाच्या तरी शेतात भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा भाजायची पोपटी लागलेली असण्याची शक्यता असते. भांबुर्ड्याच्या धुराचा वास कॅमेऱ्याच्या पट्ट्याला आठवडाभर राहतो.

रोह्याकडे गेलं की भरतीचा मालक बदलतो. कुंडलिका रोह्याच्या खालच्या अंगाला रेवदंड्याच्या खाडीला मिळते आणि तिथे चंद्राचंच राज्य आहे. पण वर कोलाडच्या बाजूला नदीचं पाणी चढतं-उतरतं ते विजेच्या मागणीवर. मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरवून तिथे १९२७ पासून वीज तयार होते, आणि वापरून झालेलं पाणी कुंडलिकेत येतं. ज्या मुळशीसाठी सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, त्याच मुळशीचं हे पाणी. त्यामुळे आसपासचे ओढे आटले तरी ही नदी उन्हाळ्यात वाहती राहते आणि कोलाडला राफ्टिंग चालतं. सकाळी पाणी सुटलं की पात्रातले खडक बुडतात, तराफ्यांचा आरडाओरडा सुरू होतो आणि पक्षी काठाच्या झाडांत शिरतात. म्हणून फोटोवाल्याने पाणी सुटायच्या आधी, उजाडताना पोचावं. उघड्या खडकांवर तेव्हा धोबी, तुतवार, पाणकावळे असतात; पलीकडच्या आंब्यावरून राखी धनेशाची किंकाळी ऐकू येते. पाणी कधी सुटणार ते नावाड्यांना विचारावं. तिथे पंचांगाचा उपयोग नाही.

इथवर सगळं अंतर पाण्याने मिटवलं. पावसाळ्यात रानात शिरलं की अंतर आपण मिटवायला लागतो, आणि तिथेच घोटाळा होतो. रायगड जिल्ह्याचा जिल्हा पक्षी मानलेला तिबोटी खंड्या पावसाच्या तोंडावर इथल्या ओढ्यांवर येतो. जांभळा, नारिंगी, पिवळा. चोच धरून जेमतेम १३ सेंटिमीटर. ओढ्याच्या मातीच्या दरडीत आडवं बीळ कोरून त्यात अंडी घालतो आणि पिलांना सापसुरळ्या, पाली, बेडूक, छोटे खेकडे भरवतो. पेणच्या उत्तरेला महामार्गालगत असलेलं कर्नाळा अभयारण्य, जे १९६८ पासून पक्ष्यांसाठी राखलेलं आहे, तिथे या खंड्यासाठी दर पावसाळ्यात कॅमेऱ्यांची रांग लागते.

हिशोब करून बघा. ४०० मिलिमीटरची लेन्स आणि सर्वसाधारण एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा घेतला, आणि पक्ष्याने चौकटीचा एक तृतीयांश भाग व्यापावा अशी अपेक्षा ठेवली, तर मीटरभर लांबीचा चित्रबलाक साधारण ५० मीटरवरून मिळतो. १३ सेंटिमीटरच्या खंड्यासाठी मात्र साडेसहा मीटरवर जावं लागतं. आठ पावलं. शिवाय जुलैतल्या दाट छायेत उजेड इतका कमी की आयएसओ ३२०० ला नेऊनही शटर सेकंदाच्या साठाव्या भागाच्या आसपास रेंगाळतं, म्हणून पक्षी स्थिर बसलेला हवा. लहान पक्षी, जवळचं अंतर, कमी उजेड, स्थिर बैठक: या चार गोष्टी एकाच ठिकाणी खात्रीने मिळतात, ते म्हणजे घरट्याच्या तोंडाशी. मोह कुठून येतो ते या गणितातच आहे. मग कुणी बिळासमोरचं गवत कापतो, कुणी पक्ष्याने बसावं म्हणून छानशी शेवाळलेली काठी रोवतो, कुणी फ्लॅश लावतो, कुणी मोबाइलवरून त्याची शीळ वाजवतो. गवत कापलं की बीळ आपल्यासारखंच सापालाही दिसायला लागतं. आई-बाप चोचीत पाल धरून फांदीवर ताटकळत बसतात, कारण माणसं बिळासमोर आहेत. आपल्याला वाटतं, काय सुंदर पोझ देतोय! प्रत्यक्षात आत भुकेली पिल्लं असतात आणि तो आपल्या उठण्याची वाट बघत असतो.

कायदा याबाबत बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा कडक आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधली ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या फक्त मारण्यापुरती नाही. रानपक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणंही त्यात मोडतं. म्हणजे गवत कापून बीळ उघडं पाडणारा हौशी छायाचित्रकार आणि गलोल घेतलेला पोरगा कायद्याच्या एकाच शब्दाखाली येतात. मग तिबोटीचा फोटो काढायचाच नाही का? काढायचा, पण ओढ्याच्या खालच्या अंगाला, जिथे तो मासा-खेकडा टिपायला बसतो तिथे, आणि तो आला तर. दोन पावसाळे हुकतील. फोटो मिळाला तर तो कुठे काढला हे मोबाइल चित्रासोबत गुपचूप नोंदवत असतो. कुणाला पाठवण्याआधी ती नोंद काढून टाकावी, नाहीतर पुढच्या रविवारी तिथे आठ गाड्या उभ्या असतात.

घरट्याजवळ बसून पक्षी नीट पाहिल्याचं उत्तम उदाहरण याच जिल्ह्यात आहे, हेही सांगितलं पाहिजे. धरमतर खाडीपलीकडे, अलिबाग तालुक्यातल्या किहीमला सालिम अली यांनी १९३० साली पावसाळाभर सुगरणींच्या वसाहतीचं निरीक्षण केलं. नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडलं तर आत राहते. मग नर दुसरं विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो. हा क्रम त्यांनी उलगडला तो रोज त्याच जागी बसून. सुगरणीचा फोटो काढणाऱ्याला यात खूप काही आहे. टोपीच्या आकाराचं अर्धं घरटं असतं तो काळ नराच्या दिखाव्याचा. तो घरट्याला लोंबकळून पंख फडफडवतो, पिवळा रंग उन्हात चमकतो, आणि त्याला जगाने बघावं असंच वाटत असतं. लांबलचक नळी विणून झाली की आत अंडी आहेत असं समजावं आणि कॅमेरा उचलून दुसऱ्या झाडाकडे जावं. पेण-रोह्याच्या विहिरींवर वाकलेल्या शिंदीच्या झाडांवर जून ते सप्टेंबर हा खेळ रस्त्यावरून दिसतो.

रोहा आणि मुरुड तालुक्यांच्या सीमेवरचं फणसाड अभयारण्य जंजिऱ्याच्या नबाबाचं शिकारीचं रान होतं. १९८६ साली ते अभयारण्य झालं. तिथल्या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. उन्हाळ्यात गाणाकाठी वाऱ्याची दिशा बघून बसलं तर भेकर, सांबर, आणि वर फांद्यांत राज्यप्राणी शेकरू. शेकरूच्या बाबतीत एकच सांगतो: धोका वाटला की ते फांदीला चपटं चिकटून निश्चल होतं. तो फोटो सोपा असतो, सगळ्यांकडे असतो, आणि त्यात घाबरलेला प्राणी असतो. तिथून उठून पन्नास पावलं मागे गेलं तर थोड्या वेळाने ते फळ कुरतडायला लागतं.

कोकणातली शेवटची अडचण कॅमेऱ्याची आहे. गाडीतल्या थंडाव्यातून कॅमेरा एकदम बाहेर काढला की काचेवर दव जमतं. अर्धा तास आधी बॅगेसकट तो बाहेरच्या हवेत सवयीला ठेवावा. खाडीच्या वाऱ्यात मीठ असतं, म्हणून घरी आल्यावर आधी ओलसर मऊ फडक्याने पुसावा, मग कोरड्या. पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशीची जाळी धरते, त्यासाठी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवाव्यात. तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला पुष्कळ जण देतात. मी एकदा पेणच्या पोह्यांच्या डब्यात ठेवून पाहिला आणि पुढचे दोन महिने झूमची कडी फिरवताना आतून कुरकुर ऐकली.

मागच्या संकष्टीला दुपारी दीडला मी बांधाच्या उतारावर जाऊन पडलो होतो. तीनच्या पुढेच पाणी भरलं, शेकाटे आणि टिलवे पंधरा-वीस पावलांवर येऊन एका पायावर उभे राहिले, चोची पिसांत खुपसून झोपले. झोपलेल्या पक्ष्यांचे किती फोटो काढणार? कॅमेरा बाजूला ठेवला. पाचनंतर चिखल उघडा पडायला लागला तसे ते एकेक करून जागे झाले, पाण्याच्या मागोमाग चालत लांब गेले आणि पुन्हा ठिपके झाले. मागून म्हशी बांधावर चढल्या. गुराख्याने काही मिळालं का विचारलं, मी पडद्यावर दाखवलं. त्याने मान डोलवली आणि उद्याही येणार का विचारलं. उद्या पंचमी. पाणी पाऊण तास उशिरा येणार होतं.